कंपास आणि पट्टी: मुलांना रचना शिकवायला सुरुवात कुठून करावी?

वैदेही_लष्कर:

नमस्कार मंडळी. आम्ही ग्वाल्हेरला, लष्कर भागात राहतो. मुलगी सहावीत आहे, सीबीएसई. शाळेत सध्या कंपास-पट्टीच्या रचना चालू आहेत: रेषाखंड दुभागणे, कोन दुभागणे, ६० आणि ९० अंशांचे कोन. ती सगळं बिनचूक काढते, पण पायऱ्या पाठ करून. "टोक एका बिंदूवर ठेवा, निम्म्याहून जास्त अंतर घ्या, वर आणि खाली कंस काढा." निम्म्याहून जास्तच का, असं विचारलं की गप्प.

तिचा मुद्दा असा की कोनमापकाने ९० अंश चुटकीसरशी निघतात, मग एवढा खटाटोप कशाला? आकृती पूर्ण झाली की ती सगळे कंस खोडून टाकते. वही स्वच्छ दिसते म्हणून वर्गात शाबासकीही मिळते. मला मात्र राहून राहून वाटतं की कंस खोडले तर रचनेतलं मुख्य तेच गेलं. उरलेली रेघ काय, अंदाजानेही मारता येते.

तर तीन गोष्टी विचारायच्या आहेत. शिकवताना क्रम कसा ठेवावा? कोनमापक काही दिवस काढून घ्यावा का? आणि वहीबाहेर, घरात-अंगणात करता येईल असं काही सुचवाल का?

छावणीकर:

मीही ग्वाल्हेरचाच, शिंदे की छावणी. ताई, बाकी सगळं नंतर, आधी तिचा कंपास हातात घेऊन बघा. निम्म्या मुलांच्या रचना चुकतात त्या सैल कंपासमुळे. बाड्यावरच्या बाजारात पेटी घ्यायला गेलात तर पेटीवरचं चित्र बघू नका, कंपास बाहेर काढून उघडझाप करा. चार-पाच सेंटिमीटर उघडून टोक हलकेच दाबलं तर पाय सरकता कामा नयेत. सरकत असतील तर बिजागरीचा स्क्रू आवळून घ्या.

पेन्सिल छोटी, टोकदार, आणि कंपास मिटला की शिसं व सुई एका पातळीवर यायला हवीत. कागदाखाली जुनी वही ठेवा. गुळगुळीत टेबलावर सुई घसरते आणि केंद्राचं भोक मोठं होत जातं. फिरवताना वरची मूठ दोन बोटांत धरायची. पाय धरून फिरवला की त्रिज्या बदललीच.

चाचणी सोपी आहे. एकाच केंद्रावरून तेच वर्तुळ पुन्हा पुन्हा गिरवायला सांगा. रेघ एकच दिसली पाहिजे.

फळा_आणि_खडू:

वैदेहीताई, प्रश्न वाचून फार बरं वाटलं. आयुष्यभर भूमितीच शिकवली, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

"निम्म्याहून जास्त का" याचं उत्तर सांगू नका, करायला लावा. ६ सेंटिमीटरचा रेषाखंड कख घ्या. आधी मुद्दाम २ सेंटिमीटर त्रिज्या घेऊन दोन्ही टोकांकडून कंस काढू द्या. कंस एकमेकांना भेटतच नाहीत. मग बरोबर ३ घ्या. दोन्ही कंस रेषाखंडावरच एका ठिकाणी टेकतात. बिंदू एकच मिळाला, आणि एका बिंदूवरून कोणती रेषा काढायची ते ठरत नाही. मग ४ घ्या. आता वर एक आणि खाली एक असे दोन छेदनबिंदू मिळाले, पट्टी ठेवायला जागा झाली. यानंतर कोणतंही मूल तो नियम विसरत नाही.

तिथेच न थांबता ५ आणि ६ घेऊनही करा. छेदनबिंदू वर-खाली सरकत जातात, पण सगळे एकाच सरळ रेषेवर येतात. ती रेषा म्हणजे क आणि ख या दोघांपासून सारख्याच अंतरावर असणाऱ्या सगळ्या बिंदूंची रांग. लंबदुभाजक म्हणजे काय हे मुलीला डोळ्यांनी दिसलं की व्याख्या पाठ करावी लागत नाही.

माझा सगळा भर एका गोष्टीवर असायचा. कंपासला एकच काम येतं: अंतर न बदलता फिरणं. पट्टीला एकच काम येतं: दोन बिंदूंमधून सरळ जाणं. पट्टीवरचे आकडे या खेळात नाहीतच, पाहिजे तर पट्टी उलटी ठेवा. मग प्रत्येक कंस म्हणजे एक विधान होतं: "या कंसावरचा कुठलाही बिंदू केंद्रापासून एवढ्याच अंतरावर आहे." दोन कंस छेदले की दोन विधानं एकाच बिंदूला लागू झाली. म्हणून कंस खोडायचे नाहीत. तुम्हाला जे वाटतं ते अगदी योग्य आहे. कंस फिकट काढायचे, अंतिम रेषा ठळक काढायची, म्हणजे वहीही स्वच्छ दिसते.

आता क्रम. पहिले काही दिवस नुसती वर्तुळं. वर्तुळ काढून तीच त्रिज्या परिघावर फिरवत न्यायची. सहा वेळा मावते आणि सुरुवातीच्या बिंदूशी येऊन मिळते. सहा पाकळ्यांचं फूल तयार होतं. मुलं रंगवत बसतात, रंगवू द्या. मग विचारा, सहाच का? केंद्र आणि शेजारचे दोन बिंदू जोडले की तिन्ही बाजू त्रिज्येइतक्याच. समभुज त्रिकोण, ६० अंश. असे सहा मिळून ३६०. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातली पहिलीच रचना समभुज त्रिकोणाची आहे. तिथून सुरुवात करण्यात शहाणपण आहे.

त्यानंतर समभुज चौकोन, आणि हाच माझा आवडता भाग. लंबदुभाजकाच्या आकृतीत क, ख आणि वरचा-खालचा छेदनबिंदू हे चार बिंदू जोडून बघा. चारी बाजू एकाच त्रिज्येच्या. समभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना काटकोनात दुभागतात, म्हणून लंबही मिळतो आणि मध्यही. कोन दुभागताना तोच चौकोन, फक्त त्याचा एक शिरोबिंदू कोनाच्या शिरोबिंदूवर. रेषेबाहेरच्या बिंदूतून लंब टाकताना पुन्हा तोच: बाहेरच्या बिंदूवरून कंस मारून रेषेवर दोन बिंदू घ्या, त्या दोघांवरून तीच त्रिज्या घेऊन पलीकडे कंस छेदा.

समांतर रेषासुद्धा याच चौकोनाने निघते. रेषेबाहेर प बिंदू असेल तर रेषेवर कुठेही क घ्या. कप एवढीच त्रिज्या ठेवून रेषेवर ख घ्या. मग प आणि ख वरून तीच त्रिज्या घेऊन कंस छेदा, तो बिंदू फ. पफ ही मूळ रेषेला समांतर. संपूर्ण रचनेत कंपासची उघडीक एकदाही बदललेली नाही.

पुस्तकात या चार वेगवेगळ्या रचना म्हणून येतात आणि मुलं चार वेगळ्या याद्या पाठ करतात. चौकोन एकच आहे हे दाखवलं की पाठांतर आपोआप सुटतं.

मंजिरी_म:

फळाताई, वाचनखूण साठवली. माझ्या मुलासाठी आजच करते.

ऑटोकॅडवाला:

मी इंदूरचा, यंत्रांच्या सुट्या भागांचे आराखडे काढतो. थोडं वेगळं मत मांडतो.

कामात मला कंपास लागत नाही. एनसीईआरटीने २०२२ मध्ये अभ्यासक्रम हलका केला तेव्हा नववी-दहावीच्या पुस्तकांतून रचनांचं प्रकरण काढलं, आणि मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. मुलांवर विषयांचा भार किती आहे ते बघा. सुई आणि शिसं सांभाळण्यात तास घालवण्यापेक्षा जिओजेब्रा हे भूमितीचं ॲप वापरा. फुकट आहे, मोबाईलवर चालतं. त्यात लंबदुभाजक काढून क बिंदू बोटाने ओढला की सगळे कंस आणि रेषा त्याच्याबरोबर हलतात, पण काटकोन काटकोनच राहतो. रचना एका आकृतीपुरती नसते, कोणत्याही रेषाखंडाला लागू होते, ही गोष्ट कागदावर दिसत नाही. तिथे ती सरळ दिसते.

कलाभवन_परिसर:

@ऑटोकॅडवाला, बिंदू ओढून बघण्याबद्दल पूर्ण सहमत. माझ्या भाचीला दाखवलं तेव्हा ती किती तरी वेळ ओढत बसली होती. पण क्रमाबद्दल मतभेद आहे. आधी हाताने, मग पडद्यावर.

मी बडोद्याचा. आमच्याकडे सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली. त्रिभुवनदास गज्जर पहिले प्राचार्य. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. आज त्याच जागी विद्यापीठाची अभियांत्रिकी विद्याशाखा आहे. मी तिथे शिकलो तेव्हा पहिल्या वर्षी ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि कंपास होतेच. षटकोनी नटाचा आराखडा काढताना वर्तुळ, त्यात षटकोन, मग वरचे वक्र कंस, हे सगळं हाताने काढावं लागायचं. संगणकावर षटकोनाचं बटण दाबलं की षटकोन येतो. तो कशामुळे येतो हे बटण सांगत नाही. ज्याने सहा कंस हाताने मारलेत त्याला ते बटण म्हणजे सोय आहे. ज्याने मारले नाहीत त्याला त्यातून काही कळत नाही.

आणि अभ्यासक्रमाबद्दल: सहावीच्या नव्या पुस्तकात रचनांवर स्वतंत्र प्रकरण पुन्हा आलं आहे. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीत तर भौमितिक रचना आहेतच, समरूप त्रिकोण आणि वर्तुळाच्या स्पर्शिका. म्हणजे हा विषय कुठे गेलेला नाही.

टिवल्याबावल्या:

आमच्या वर्गात कंपासचे मान्यताप्राप्त उपयोग तीन: बाकावर नाव कोरणे, डिंकाच्या बाटलीचं तोंड मोकळं करणे, आणि शेजाऱ्याने हद्द ओलांडली तर सीमेचं रक्षण. वर्तुळ हा चौथा.

छावणीकर:

@टिवल्याबावल्या 😄 आमच्या बाकावर तर दोन पिढ्यांची नावं होती. काकांचं नाव वाचून मी त्याखाली माझं कोरलं.

ओळंबा:

ग्वाल्हेर. बांधकामाची कामं घेतो. वहीबाहेरचं विचारलंय म्हणून लिहितो.

घराची आखणी करताना आम्ही रोज हेच करतो, फक्त कंपासच्या जागी सूत आणि खुंट्या. काटकोन हवा की एका रेषेवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजायचे. तिरकं अंतर ५ फूट आलं पाहिजे. मिस्त्री म्हणतात, गुनिया मिळाला. मोठ्या प्लॉटला ३-४-५ पुरत नाही, तिथे ९-१२-१५ घेतो, कारण छोट्या त्रिकोणातली बोटभर चूक लांब गेल्यावर हातभर होते. शेवटी समोरासमोरचे दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे आले तर आयत खरा.

मुलीला अंगणात न्या. दोन खिळे, सुतळी, खडू. एका खिळ्याला सुतळीचा फास घालून दुसऱ्या टोकाला खडू बांधा. सुतळी ताणलेली राहिली पाहिजे आणि खडू उभा. दोन खिळ्यांवरून दोन मोठे कंस मारा, लंबदुभाजक काढा, मग ३-४-५ ने तपासा. वहीतला आणि जमिनीवरचा काटकोन एकच आहे हे तिला कळेल.

दुसरं, कमान. साधी टोकदार कमान काढायची तर पायथ्याच्या दोन टोकांवर केंद्र ठेवून पायथ्याइतकीच त्रिज्या घ्यायची. दोन कंस वर जिथे भेटतात तो कमानीचा माथा. फळाताईंचा समभुज त्रिकोणच आहे तो.

इतिहासवेडा:

ओळंबा, तुमच्या कर्णावरून आठवलं. अवांतर आहे, पण ग्वाल्हेरचंच. किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरातला इ.स. ८७६ चा शिलालेख लोक त्यात कोरलेल्या जुन्या शून्यासाठी बघायला जातात. तो शून्य ज्या आकड्यात आहे तो २७०, आणि तो एका बागेच्या मापाचा आकडा आहे: २७० हात लांब, १८७ हात रुंद. देवाला रोज फुलांच्या माळा मिळाव्यात म्हणून दिलेली बाग. म्हणजे तो शून्य जमिनीच्या मोजणीत आला आहे. सगळे शून्याचा फोटो काढतात आणि बाग विसरतात.

ओळंबा:

२७० बाय १८७ चा आयत आखायचा तर कर्ण ३२८ हातांच्या जरासा वर आला पाहिजे. एवढ्या लांबीला सूत मध्ये लोंबतं, अधेमधे टेकू द्यावे लागतात. पुढच्या वेळी किल्ल्यावर गेलो की हा लेख नीट बघेन.

शंकुच्छाया:

सुताचा विषय निघालाच आहे तर शुल्बसूत्रं, म्हणजे यज्ञवेदी आखायचे जुने ग्रंथ, आली पाहिजेत. शुल्ब म्हणजे दोरीच. कात्यायन शुल्बसूत्रात दिशा काढायची रीत आहे, ती अंगणात जशीच्या तशी करता येते. सपाट जमिनीवर एक काठी उभी रोवायची. काठीच्या उंचीएवढ्या दोरीने तिच्याभोवती वर्तुळ काढायचं. सकाळी काठीच्या सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवेल तिथे खूण, दुपारनंतर पुन्हा जिथे शिवेल तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा. मग त्या दोन खुणांवर खुंट्या मारून दोरीने लंबदुभाजक काढला की उत्तर-दक्षिण. सहावीतली पहिली रचना, आणि तिच्यावर यज्ञवेदीची सगळी आखणी उभी आहे.

एक सूचना, ग्वाल्हेरकरांसाठी. हा प्रयोग डिसेंबरच्या सुट्टीत केलात तर सावली वर्तुळाला शिवणारच नाही. २१ डिसेंबरला तुमच्याकडे भर माध्यान्हीला सूर्य जेमतेम ४० अंशांवर येतो. सावली काठीइतकी व्हायला ४५ हवेत. तेव्हा थंडीत वर्तुळ मोठं काढा, किंवा फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत थांबा.

मेधा_पुणे:

कोनमापकाला एवढं शत्रू करू नका असं मला सांगायचं आहे. महाराष्ट्रात चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला भूमितीचा पेपर असतो. आम्ही तिथे रचना शिकलो आणि कोनमापक तपासायला वापरायचो. आधी कंपासने ७५ अंश काढायचे: ६० आणि ९० मधला कोन दुभागून. मग कोनमापक ठेवून बघायचं. साडेचौऱ्याहत्तर आले तर कुठे गडबड झाली ते शोधायचं. बहुतेक वेळा दोष सापडायचा तो चिरट्या छेदात. दोन कंस फार तिरपे भेटले की छेदनबिंदूऐवजी लांबट डागच मिळतो. ते जितके काटकोनाच्या जवळ भेटतील तितका बिंदू स्पष्ट.

काढून घेतला तर मुलीला ती शिक्षा वाटेल. तिच्याच हातात ठेवा, फक्त वापर शेवटी.

फळा_आणि_खडू:

मेधा, अगदी पटलं. तपासनीस म्हणून कोनमापक हवाच. चिरट्या छेदाचं माझ्याकडून लिहायचं राहिलं होतं, तुम्ही छान मांडलंत.

राजू_मामा:

आमच्या भाच्याने कोनाचे तीन समान भाग करायची रीत शोधली आहे! कोनाच्या दोन भुजांवर सारखी अंतरं घेऊन ते बिंदू जोडायचे. त्या रेषाखंडाचे तीन समान भाग करायचे आणि शिरोबिंदूला जोडायचे. आकृती अगदी बरोबर दिसते. शाळेत सांगितलं तर म्हणाले, अशक्य आहे, वेळ घालवू नकोस. मुलगा हिरमुसला आहे. का अशक्य?

शंकुच्छाया:

मामा, भाच्याला आधी शाबासकी द्या. रेषाखंडाचे तीन समान भाग करणं ही खरी आणि अवघड रचना आहे, ती त्याला जमली. त्याला म्हणावं, हीच रीत आता १२० अंशांच्या कोनावर करून बघ. लहान कोनात चूक डोळ्याला दिसत नाही. १२० वर मधला भाग येतो ६० अंश आणि बाजूचे दोन ३०-३०. चूक लपूच शकत नाही. ६० च्या कोनावर मधला सुमारे २१.८ आणि बाजूचे १९.१, म्हणून तिथे फसायला होतं. रेषाखंडाचे समान तुकडे शिरोबिंदूकडून बघताना समान दिसत नाहीत. मधला जवळ असतो, म्हणून जास्त कोन व्यापतो.

काही कोनांचे तीन भाग होतात. काटकोनाचे होतात, कारण ३० अंश काढता येतात. पण कोणत्याही कोनाला चालेल अशी कंपास-पट्टीची रीत असू शकत नाही. हा प्रश्न ग्रीकांच्या काळापासून पडून होता. १८३७ मध्ये वांत्झेल या फ्रेंच गणितज्ञाने त्याचा निकाल लावला. कंपास-पट्टीने बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ एवढंच साधतं. ६० अंशांचे तीन भाग करायला म्हणजे २० अंशांसाठी घनाचं समीकरण सोडवावं लागतं, आणि ते नुसत्या वर्गमुळांनी सुटत नाही. पूर्ण अंशांच्या कोनांपैकी ३ ने भाग जाणारेच कंपास-पट्टीने निघतात. ३ अंश निघतो, १ आणि २ नाही.

भाच्याला हेही सांगा की पट्टीवर दोन खुणा करायची मुभा दिली तर तीन भाग करता येतात. आर्किमिडीजच्या नावावर ती रीत आहे. कागदाला घड्या घालूनही होतात. अशक्य आहे ते फक्त खुणा नसलेल्या पट्टीने. शाळेत एवढं सांगितलं असतं तर मुलगा हिरमुसला नसता.

कलाभवन_परिसर:

याच घरातला दुसरा प्रश्न: वर्तुळाइतक्याच क्षेत्रफळाचा चौरस. तोही अशक्य, १८८२ मध्ये लिंडेमानने पाय ही संख्या कशी आहे ते दाखवल्यावर कायमचा मिटला. तरी रामानुजनांनी १९१३ मध्ये ३५५/११३ हा अपूर्णांक धरून एक जवळजवळ बरोबर रचना दिली. वर्तुळ १,४०,००० चौरस मैलांचं असलं तरी चौरसाच्या बाजूत चूक सुमारे एका इंचाची. अशक्य आहे हे ठाऊक असूनही त्यांना ती करावीशी वाटली, हे मला फार भावतं.

राजू_मामा:

१२० वर केलं. भाचा आधी गप्प झाला, मग स्वतःच म्हणाला, "मधला जवळ आहे ना." आता घड्यांची रीत शोधतोय. शंकुच्छाया, मनापासून आभार.

छावणीकर:

वैदेहीताई, तुम्ही ग्वाल्हेरात आहात म्हणून आग्रहाने सांगतो. मुलीला घेऊन हजीऱ्याला सूफी संत मोहम्मद गौसच्या मकबऱ्यात जा. सगळे तानसेनच्या समाधीवर जातात आणि शेजारच्या मोठ्या इमारतीकडे पाठ करून बसतात. सोळाव्या शतकातलं काम आहे. चहूबाजूंनी दगडी जाळ्या, आणि कोपऱ्यांवरचे बुरूजसुद्धा षटकोनी.

एका जाळीसमोर उभं राहून मुलीला विचारा, पहिलं वर्तुळ कुठे असेल? एखाद्या ताऱ्याच्या मध्यावर बोट ठेवायचं, तिथून आजूबाजूच्या सारख्या अंतरावरच्या बिंदूंचा माग काढायचा. षटकोनी जाळीत सहा पाकळ्यांचं ते फूल सापडतं, फक्त कंस दगडात उरलेले नाहीत, सरळ पट्ट्याच उरल्यात. वहीत तो नमुना उतरवायचा तर आधी वर्तुळांचं जाळं काढावं लागतं: एका वर्तुळाभोवती सहा, प्रत्येकाचं केंद्र आधीच्याच्या परिघावर. मग छेदनबिंदू जोडत गेलं की नमुना आपोआप उमटतो. सकाळी जा, ऊन जाळीतून आत येतं तेव्हा नमुना फरशीवर पडतो आणि मोजायला सोपा जातो.

वैदेही_लष्कर:

सगळ्यांचे खूप आभार. बरंच काही करून झालं, म्हणून धागा वर काढते आहे.

निम्म्याहून कमी त्रिज्येचा प्रयोग झाला. कंस भेटले नाहीत तेव्हा ती आपणहून म्हणाली, "हात पुरत नाहीयेत." समभुज चौकोन तिला एवढा आवडला की आता प्रत्येक रचनेत तो रंगीत पेन्सिलीने भरून ठेवते. कंस खोडणं त्यामुळे आपोआप थांबलं, कारण कंस गेले तर चौकोनाचे कोपरे कुठून आले ते दिसत नाही. बाईंनाही वही दाखवली. त्यांनी ती वर्गात फिरवली.

घरातल्या ताटाचा मध्यही काढला. ताट कागदावर ठेवून गिरवलं, दोन जीवा काढल्या, दोघींचे लंबदुभाजक जिथे भेटले तिथे कंपास ठेवला आणि वर्तुळ तंतोतंत जुळलं. सासूबाईंनी लगेच रांगोळीसाठी फर्मान सोडलं: गणपतीला पाच पाकळ्यांची जास्वंद हवी. सहा, बारा, आठ पाकळ्या ती काढते. पाच कशा काढायच्या? आणि पाच जमल्या तर सात आणि नऊ हव्यात म्हणते.

मेधा_पुणे:

पाच होतात! वर्तुळ काढा, केंद्र म. एकमेकांना काटकोनात असे दोन व्यास काढा. आडव्या व्यासाचं उजवं टोक ख, उभ्याचं वरचं टोक ग. मख दुभागा, मध्यबिंदू न. आता न वर सुई आणि नग एवढी त्रिज्या. कंस डावीकडे आडव्या व्यासाला छेदेल, तो बिंदू ट. गट हे अंतर म्हणजे पंचकोनाची बाजू. ते कंपासमध्ये घेऊन ग पासून परिघावर पाच वेळा फिरवा, बरोबर ग ला येऊन मिळतं. रांगोळीत व्यास मोठा ठेवा, निदान हातभर, म्हणजे सुतळीची जाडी आड येत नाही.

वाटेत मट मिळतं ती दहा बाजूंच्या आकृतीची बाजू असते. दहा पाकळ्यांचं कमळही त्यातच निघालं.

ओळंबा:

सातसाठी मिस्त्रींची चालचलाऊ रीत आहे. वर्तुळात समभुज त्रिकोण बसवा आणि त्याच्या बाजूची निम्मी लांबी परिघावर सात वेळा फिरवा. रांगोळीला उत्तम चालते.

शंकुच्छाया:

ओळंबांची रीत जवळजवळ बरोबर आहे, अगदी बरोबर नाही. ५ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात खरी बाजू ४.३३९ सेंटिमीटर, या रीतीने ४.३३०. सात फेऱ्यांनंतर अर्ध्या मिलिमीटरहून जरा जास्त फट राहते. खडूच्या रेघेत ती दिसणार नाही. पण मुलीला सांगा की सात बाजूंची सुसम आकृती कंपास-पट्टीने काढताच येत नाही. सतराची मात्र येते. गाउसने १७९६ मध्ये, अठराव्या वर्षी ते सिद्ध केलं. सात नाही आणि सतरा हो, हे ऐकून तिला नक्की काहीतरी विचारावंसं वाटेल.

फळा_आणि_खडू:

आणि नऊही नाही, वैदेहीताई. नऊसाठी ४० अंश लागतात, आणि ४० ला ३ ने भाग जात नाही. तेव्हा नऊ पाकळ्यांसाठी सरळ कोनमापक काढा. केंद्रावर ठेवायचा, ४०-४० अंशांवर खुणा करायच्या, पाकळ्यांचे कंस मात्र कंपासने. काढून घ्यावा का असं तुम्ही विचारलं होतंत. घेऊ नका, नऊला तो लागणारच आहे. कंपास कुठे थांबतो ते ठाऊक असलेल्या मुलीच्या हातात कोनमापक अगदी योग्य जागी आहे.